कुंडलिकेच्या काठावर, पाणी यायची वाट बघत

"पाणी नाही आलं अजून."

हे वाक्य मी लालबागच्या चाळीत लहानपणी रोज पहाटे ऐकलं. नदीच्या काठावर उभं राहून ते ऐकायची वेळ मात्र या फेब्रुवारीत पहिल्यांदा आली.

ऑफिसची सहल होती, कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग. पहाटे चारला दादरहून बस. एवढ्या लवकर कशाला, असं सगळ्यांनीच विचारलं. आयोजकांचं उत्तर एकच, उशीर केलात तर पाणी निघून जाईल. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे. गोवा महामार्गावर लिहायला बसले तर दुसरं काही लिहून व्हायचं नाही. बसच्या शेवटच्या सीटवर बसू नका एवढंच सांगते, माझी कंबर दोन दिवस धरली होती. रिसॉर्टवरचे पोहे गारढोण होते. नदीकाठच्या मावशींनी मात्र चुलीवरचा चहा दिला आणि दुसऱ्या कपाचे पैसे घेतले नाहीत. "गारठलीस गं," एवढंच म्हणाल्या.

आणि समोर नदी नव्हतीच. म्हणजे पात्र होतं, भलंमोठं. त्यात गोटे, वाळून पांढरं पडलेलं शेवाळ, मधे मधे डबकी. लाइफ जॅकेट चढवून, हेल्मेट घालून आम्ही तीसेक माणसं कोरड्या नदीकडे बघत उभी. दहा मिनिटं गेली, वीस गेली. आमच्यातले काही जण चिडले, साडेआठची वेळ दिली होती म्हणून गाइडशी वाद घालायला लागले. मीही वैतागले होते. फोटो काढायला पात्रात उतरून एका मोठ्या खडकावर जाऊन बसले, तेवढ्यात गाइडची शिट्टी वाजली आणि तो अक्षरशः धावत आला. "ताई, वर या आधी. वर मशीन चालू झालं की पाणी येतं. ते सांगून येत नाही." त्याच्या आवाजातली भीती खरी होती. आज लिहितानाही त्या खडकाची आठवण आली की मला माझाच राग येतो. वीजघराखालच्या नदीत, ती कितीही कोरडी दिसली तरी, उतरू नका.

मग पाणी आलं. लोंढा येईल, आवाज होईल असं मला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. पलीकडे कपडे धूत बसलेली एक बाई उठली, बादली आणि पिळे उचलून चार पावलं वर जाऊन बसली. तिला कसं कळलं ते मला कळलं नाही. नंतर डबक्यात पडलेलं एक पान हललं आणि चालायला लागलं. दोन डबकी एकमेकांना मिळाली. गोट्यांवर ओली काळी रेघ बोट बोट वर चढत गेली, पुढे काटक्या आणि फेस, मागून ओल्या मातीचा वास. मी बसले होते तो खडक निम्मा बुडाला, मग दिसेनासा झाला. पंधरा-वीस मिनिटांत समोर दोन्ही काठ भरून वाहणारी नदी होती. वाद घालणारे सगळे गप्प.

राफ्टिंग छान झालं. बारा किलोमीटर, भरपूर भिजलो.

मला मात्र ते पाणी सोडेना. गाइडला विचारलं तर म्हणाला, "मुळशीचं पाणी आहे, ताई. भिऱ्याला मशीन फिरतं, मग रवाळज्याला फिरतं, मग आपल्याकडे." मुळशी म्हणजे घाटावरचं धरण, भिरा आणि रवाळजे ही घाटाखालची वीजघरं. परतीच्या बसमधून मामाला फोन लावला. मामा ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात, म्हणजे राज्यातली विजेची मागणी आणि निर्मिती जुळवतात तिथे, शिफ्टला असायचा, आता निवृत्त आहे. त्याच्या तोंडी कायम एकच आकडा, पन्नास. लहानपणी मला वाटायचं तो ताप मोजतो.

"तू पाहिलंस ना ते पाणी," तो म्हणाला, "ते आमच्या शेड्यूलमधली एक ओळ असतं."

मग वडखळच्या कोंडीत अर्धा तास त्याने मला शिकवलं. विजेची जेवढी मागणी, तेवढीच निर्मिती, त्याच क्षणी. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली की देशभरातली सगळी जनित्रं किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, पन्नास हर्ट्‌झच्या खाली घसरते. ४९.९० ते ५०.०५ एवढ्याच पट्ट्यात ती राखायची असते. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, उर्वरित देशाला जोडलं, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळी यंत्रं एकाच ठेक्यात फिरतात. कोळशावर वीज करणाऱ्या थंड पडलेल्या संचाला तापून उभं राहायला काही तास लागतात. सौरवीज दिवसभर भरपूर असते, पण मुंबईतले दिवे लागायच्या वेळेलाच सूर्य बुडतो. अशा वेळी पाणी उपयोगी पडतं, कारण झडप उघडली की काही मिनिटांत वीज मिळते. भिऱ्याला १५० मेगावॉटचा एक संच तर उलटाही चालतो. ग्रिडमध्ये वीज जास्त झाली की तो खालचं पाणी परत वर चढवतो, गरजेला पुन्हा उतरवायला.

१२ ऑक्टोबर २०२०ची सकाळ आठवते? मुंबई बंद पडली होती, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या होत्या. मी घरून काम करत होते, मीटिंग मध्येच तुटली आणि मी तासभर चिडचिड केली. त्या दिवशी शहर परत उभं करताना सह्याद्रीतल्या जलविद्युत संचांचा हात होता, हे मला मामाकडून आता कळलं. पाण्याचं यंत्र बाहेरून फारशी वीज न घेता सुरू करता येतं, तो म्हणाला.

"किती पाण्यात किती वीज?" मी विचारलं. त्याने तोंडी हिशेब केला. मुळशी ते भिरा उतार साधारण पाचशे मीटरचा. हजार लिटर पाणी तेवढं खाली आलं की जेमतेम सव्वा युनिट. माझ्या बेडरूममधला एसी रात्रभरात आठ-दहा युनिटं खातो. म्हणजे पाण्याच्या वाटेने मोजलं तर जवळजवळ एक टँकर. आमच्या सोसायटीत मे महिन्यात टँकर आला की लोक बादल्या घेऊन धावतात. आणि एक अख्खा टँकर घाटावरून खाली ओतला की माझी एक झोप होते. आता मी पंखा लावून झोपते.

मुळशीचं हे पाणी मुळात पूर्वेला भीमेकडे जायचं. टाटांनी धरण बांधून ते घाटाखाली कोकणात वळवलं. १९१५ला खोपोली, १९२२ला भिवपुरी, १९२७ला भिरा. कोळशावर चालणाऱ्या गिरण्यांना आणि वाढत्या शहराला वीज हवी होती. त्यासाठी मुळशी पेट्यातल्या पन्नासेक गावांच्या जमिनी गेल्या. भातखाचरं, आंबेमोहोराची. १९२१च्या रामनवमीला मावळे तिथे सत्याग्रहाला बसले. 'जान किंवा जमीन' अशी त्यांची घोषणा होती. त्या लढ्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट. लोक त्यांना सेनापती म्हणू लागले ते मुळशीमुळे. ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. लढा हरला आणि धरण झालं.

हे सगळं शाळेत एका ओळीत शिकले होते. सोमवारी दादरला उतरून चालत ऑफिसला निघाले आणि पाटीसमोर थांबले. सेनापती बापट मार्ग. आमचं ऑफिस लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे, काचेची इमारत, एसी बावीसवर. नऊ वर्षं मी या रस्त्याने जाते. आम्ही सगळे त्याला अजून तुळशी पाईप रोडच म्हणतो, तुळशी तलावाच्या पाण्याच्या नळावरून. दुसऱ्याच्या डोंगरातलं पाणी वाहून आणणारा रस्ता, आणि नाव असंच डोंगरातलं पाणी वळवणाऱ्या धरणाविरुद्ध आयुष्य पणाला लावणाऱ्या माणसाचं. नऊ वर्षांत मला एकदाही हे जाणवलं नाही याचं वाईट वाटलं, अजून वाटतंय.

मला वीज हवीच आहे. लोकल हवी, इस्पितळातले दिवे हवेत, आणि कोळशाच्या धुरापेक्षा पाणी, ऊन, वारा केव्हाही बरे असं मी मनापासून मानते. राजस्थानात, कच्छमध्ये आज मैलोन् मैल सौरपट्टे उभे राहताहेत, तेव्हा तिथली जमीन कुणाची होती आणि त्यांना काय मिळालं हे आपण विचारायला हवं. मुळशीकरांना ते वेळेत कुणी विचारलं नाही.

दुपारी डब्याच्या वेळी हे सगळं मी टेबलावर सांगितलं. काठावर गाइडशी भांडणाऱ्यांपैकी एक जण शेवटपर्यंत ऐकत बसला. मग म्हणाला, "हे तिथेच सांगायचं होतंस, आपण वाट बघत होतो तेव्हा."

एप्रिलमध्ये दुसरी बॅच जाणार आहे. मी परत नाव दिलंय. मावशींकडे चहा घ्यायचा, आणि पाणी येईपर्यंत तिथेच काठावर बसून सगळ्यांना मुळशीबद्दल सांगायचं.