दोन इंच तीन सूत

नागपूरच्या लकडगंजात लाकूड घ्यायला गेलं की आरामशीनवाले आधी विचारतात, "काय बनवून राहिले?" दार म्हटलं की एक माल दाखवतात, पलंग म्हटलं की दुसरा. त्या दिवशी मी म्हणालो, "पाळणा." शेटजींनी गल्ल्यावरून मान वर केली. "अरे वा! घरी कोणाकडे?" म्हटलं, घरी नाही, गिऱ्हाइकाचा आहे. तरी त्यांनी पोऱ्याला आतल्या गोदामातून माल काढायला लावला.

माल सीपी सागवान. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत गेला, इंग्रज गेले, पण लाकडाला ते नाव चिकटूनच राहिलं. आलापल्लीकडच्या जंगलातलं, बल्लारशाह डेपोतून लिलावात उचललेलं. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारशाहहूनच सागवान गेलं. तेव्हापासून भाव करायला लागलं की व्यापारी हळूच अयोध्येचं नाव काढतो. मग माणूस काय बोलणार? मी निमूट पैसे मोजले.

ऑर्डर एप्रिलमध्ये आली होती. मानेवाड्याचं जोडपं, दोघंही मिहानमध्ये नोकरीला. बाळ जुलैत होणार होतं. मुलीनं मोबाईलवर एक फोटो दाखवला. चौकोनी, चार पायांचा, चारी बाजूंनी उभ्या पट्ट्या, अन् एक बाजू खाली सरकणारी. "काका, अस्साच पाहिजे. क्रिब म्हणतात याला." सोबत सासूबाई होत्या. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला अन् म्हणाल्या, "बनवा, मी काही म्हणत नाही. पण लेकरू घरात आल्याशिवाय हे घरात यायचं नाही. अन् रिकामा कोणी हलवायचा नाही."

"काकू, हा हलतच नाही. याला दोरीच नाही ना."

"मग हा पाळणा कायचा जी?"

सगळे हसलो. मीही.

तर ठरलं असं, की माल तयार करून माझ्याच दुकानात ठेवायचा अन् बाळ घरी आल्यावर पोचवायचा. त्यांचा जिनाही अरुंद, म्हणून सगळं नट-बोल्टवर खुलणारं करायचं होतं. सासूबाईंना जुन्या पाळण्यासारखा लाल-पिवळा-हिरवा ऑइलपेंट हवा होता. त्याला मी नाही म्हणालो. दात यायला लागले की पोट्टे आधी कठडा चावतात. रंगातल्या शिशाच्या प्रमाणावर सरकारी मर्यादा आहे, ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद, नोव्हेंबर २०१७ पासून लागू. पण माझ्या दुकानातले अर्धे डबे त्याआधीचे, त्यांच्यात काय आहे ते कोण सांगणार? मी म्हटलं, जवसाचं तेल लावतो. कच्चं, खायचं असतं तेच. वाळायला आठ-दहा दिवस घेतं, पण आपल्याकडे वेळ होता. (जवसाच्या तेलाचे बोळे कोणी कोपऱ्यात गोळा करून टाकू नका. आपोआप तापून पेट घेतात, त्यात नागपूरचा उन्हाळा. मी पाण्याच्या बादलीत टाकतो.)

आता माझी चूक. पट्ट्यांमधलं अंतर मला कोणी सांगितलं नव्हतं अन् मीही कोणाला विचारलं नाही. फोटोवरून माप निघत नाही. मी बाबांचं माप घेतलं. बाबांनी महालात, इतवारीत कितीतरी पाळणे केले, कातीव गजांचे, टांगते. त्यांचा हिशेब सोपा होता, गजांमधून मूठ जायला पाहिजे. मूठ म्हणजे चार इंच धरा. माझी लांब बाजू अठ्ठेचाळीस इंचाची, पट्टी दीड इंचाची. आठ पट्ट्या बसवल्या की बरोबर नऊ फटी पडतात, चार-चार इंचाच्या. एक सूतही इकडेतिकडे नाही. हिशेब असा जमला की मीच खूश झालो.

सांधे खोबणी-कुसूचे, म्हणजे एका लाकडाचं टोक (कुसू) दुसऱ्याच्या खाचेत (खोबणीत). सागवानाला अंगचं तेल असतं, रंधा मारून काही दिवस झाले की फेविकॉल नीट धरत नाही, म्हणून कुसू ताजे काढायचे अन् लगेच ठोकायचे. मेच्या अखेरीस फ्रेम उभी राहिली. तेलाचा पहिला हात मारून झाला. गादी यायची होती. संध्याकाळी सासू-सून बघायला येणार होत्या.

नवतपा सुरू होता, पारा ४५ च्या आसपास. माझ्याकडे एक पॉलिशवाला आहे, सात वर्षांपासून. त्याची बायको दुपारी डबा घेऊन आली, कडेवर दहा महिन्यांची पोट्टी. दुकानात खाली सगळा भुसा, खिळे, पटाश्या. पोरीला ठेवायचं कुठे? मीच म्हणालो, "दे त्याच्यात बसवून. एवढं बनवलं कायसाठी?" तिनं गोधडी अंथरली अन् पोरीला आत बसवलं. हातात लाकडाचा एक गुळगुळीत तुकडा दिला. आम्ही तिघं मागच्या खोलीत कूलरसमोर जेवायला बसलो. मधलं दार उघडंच होतं. पण कूलर जुना, त्याच्या आवाजात शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही.

चार घास झाले असतील. लाईट गेली.

उन्हाळ्यात लाईट गेली की आमच्या तोंडून शिवी निघते. त्या दिवशीही निघाली. कूलर घरघरत थांबला आणि दुकानातून एक आवाज आला. रडण्याचा नव्हता. कोणी तोंड दाबून धरल्यावर येतो तसा, घशातला. पोरीची आई माझ्याआधी उठली.

पोरगी पट्ट्यांच्या बाहेर लटकत होती. पाय बाहेर, कंबर बाहेर, पोट, छाती, दोन्ही हात बाहेर. डोकं आत. पट्ट्यांकडे तोंड करून बसली असणार, पाय बाहेर सोडले असणार अन् पुढे सरकत गेली असणार. खालची फळी जमिनीपासून चांगली उंच, पाय टेकत नव्हते. सगळा भार हनुवटीवर अन् मानेवर.

"वर उचल तिले! खालून धर!" मी ओरडलो. आईनं अंग पेलून धरलं तसा श्वास लागला, पण रडणं नाही. बाप डोकं मागे ढकलायला लागला. कान अडकत होते. बाहेर ओढावं तर जबडा. मी दोन पट्ट्या दोन हातांनी फाकवून पाहिल्या. सागवान ते, आणि सांधा माझ्या हातचा. केसभर हलल्या नाहीत. तीस वर्षं ज्या घट्ट सांध्याचं कौतुक ऐकलं, त्याला मी त्या क्षणी शिव्या दिल्या.

जिगसॉ हाताशी होती, पण लाईट नव्हती. असती तरी त्या चेहऱ्याजवळ मी मशीन चालवली असती का, देव जाणे. छोटी करवत घेतली. पट्टी वरून, डोक्यापासून वीतभर दूर कापायची, मग वरचं टोक मोकळं झालं की बाजूला रेटायची. बापाला म्हटलं, "तुझा तळवा तिच्या डोक्यावर ठेव. पातं सुटलं तर तुझ्या हातावर येऊ दे." त्यानं ठेवला. पाच सूत जाड, दीड इंच रुंद पट्टी. एरवी मी ती बोलता बोलता कापतो. हात घामानं ओले होते, करवत दोनदा सटकली. पट्टी तुटल्यावर मोगरीचा एक ठोका आडवा मारला, खालचा कुसू कडकन गेला अन् पोरगी आईच्या अंगावर आली.

मग ती रडली. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं रडली. तिची आई मटकन भुशात बसली.

गल्लीच्या तोंडाशीच लहान मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्यांनी मान, घसा, छाती सगळं तपासलं. जबड्याखाली दोन लाल वळ होते, बाकी काही नाही. मला म्हणाले, "अंतर किती होतं?" चार इंच म्हटलं. ते म्हणाले, "या वयात शरीरात सगळ्यात मोठं काय असतं मिस्त्री? डोकं. पोट दबतं, कंबर तिरपी होते, डोकं नाही होत. जिथून कंबर गेली तिथून सगळं जाणार, अन् डोक्यापाशी थांबणार." नव्वद रुपयांच्या टेपनं आयुष्यभर मापं घेतली, पण ही गोष्ट कधी डोक्यात आली नाही.

बाबांचे पाळणे मग चालले कसे? रात्रभर याचा विचार केला. टांगता पाळणा असायचा पाच-सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा. ते नीट पालथंही पडत नाही. कडेनं कापडाची झोळी गुंडाळलेली. अन् मुख्य म्हणजे त्याला दोरी. दोरी कोणाच्या तरी हातात असायची, आजीच्या, आत्याच्या, भाजी निवडणाऱ्या काकीच्या. मी जे बनवलं होतं त्यात दोन वर्षांचं होईपर्यंत पोर एकटं ठेवणार होते, दार लोटून. सासूबाईंनी विचारलंच होतं, मग हा पाळणा कायचा.

संध्याकाळी त्या दोघी आल्या. नवी पट्टी बसवून, तेल पुसून द्यायला मला दीड तास पुरला असता. खोटं कशाला सांगू, तो विचार मनात येऊन गेला. पण पॉलिशवाला तिथेच भिंतीला टेकून बसला होता, घरी गेला नव्हता. मी कापलेली पट्टी दाखवली अन् झालेलं सांगितलं. सुनेचा हात आपसूक पोटावर गेला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या फ्रेमजवळ गेल्या आणि राहिलेल्या एका फटीत आपली मूठ घालून पाहिली. आरपार गेली.

सून इंजिनिअर. तिथेच स्टुलावर बसून तिनं मोबाईलवर शोधायला घेतलं. अमेरिकेत याचा नियम १९७३ पासून आहे. "काका, दोन पॉइंट तीन सात पाच इंच. यापेक्षा जास्त चालत नाही."

मी मनात हिशेब केला. "म्हणजे दोन इंच तीन सूत."

"सूत?"

"इंचाचे आठ सूत." तिला टेपवर दाखवलं. परदेशातल्या त्या आकड्याला आमच्या टेपवर इतकी चोख जागा असेल असं वाटलं नव्हतं. युरोपातही असंच, साडेचार ते साडेसहा सेंटिमीटर. कमीही फार ठेवायचं नाही, हात-पाय अडकतात. ती वाचत गेली, मी खडूनं फळीवर लिहीत गेलो. गादी अन् कठडा यांच्यात दोन बोटंही जायला नकोत. आत उशी नको, कडेनं मऊ तक्के नकोत, बाळाचं नाक दबतं. पायांची टोकं कठड्याच्या वर नकोत, कपडा अडकतो. अन् ती खाली सरकणारी बाजू, जिच्यावर मी चार दिवस घालवले होते, तीही नको. तिच्यात बाळं अडकून दगावली म्हणून अमेरिकेत २०११ पासून विकायलाच बंदी आहे. सून म्हणाली, "फोटो मीच दिला होता." मी म्हटलं, "मापं माझी होती."

पैशाचं बोलणं निघालं तेव्हा सासूबाई मध्येच म्हणाल्या, "लाकडाचे जास्तीचे लागतील ते घ्या जी." मी घेतले नाहीत. घ्यायला तोंडच नव्हतं. खरी गोष्ट अशी, की बाळाआधी वस्तू घरात आणायची नाही हा त्यांचा हट्ट नसता, तर पहिला माल कधीच मानेवाड्याला गेला असता. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

खोबण्या चुकीच्या जागी पडल्या होत्या, म्हणून आठही आडव्या पट्ट्या नव्यानं केल्या. लांब बाजूला आठच्या जागी बारा उभ्या, आखूड बाजूला चारच्या जागी सहा. फट आली दोन इंच अडीच सूत. अर्धं सूत मी मुद्दाम हातचं ठेवलं. उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, फट वाढते. मग सागवानाचाच एक ठोकळा केला, चारी बाजूंनी दोन इंच तीन सूत, आणि प्रत्येक फटीत जोर लावून घालून पाहिला. छत्तीस पट्ट्या, चाळीस फटी. एकीतूनही गेला नाही. पॉलिशवाल्यानं परत स्वतः घालून पाहिला. कापलेली पट्टी तो घरी घेऊन गेला. काय केलं ते मी विचारलं नाही. त्याची बायको पुढे महिनाभर डबा द्यायला आली नाही, तोच सकाळी सोबत आणायचा.

जुलैत, पाऊस धो धो कोसळत असताना, फोन आला. मुलगी. बारसं झोळीच्या पाळण्यातच झालं, सासूबाईंच्या मनासारखं. दुसऱ्या दिवशी मी क्रिब टेम्पोत घालून नेलं, तिसऱ्या माळ्यावर जोडलं अन् चहा घेऊन परतलो.

ऑगस्टमध्ये पुन्हा फोन. "काका, एक बोल्ट अडकून राहिला." पावसाळ्यात लाकूड फुगतं, ते मला अपेक्षितच होतं. गेलो. क्रिब खिडकीपाशी होतं, आणि त्यात कपड्यांचा ढीग. दुपटी, लंगोट, टॉवेल, सासूबाईंची एक साडी. बाळ पलीकडे छताच्या हुकाला टांगलेल्या साडीच्या झोळीत, अन् झोळीची दोरी सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्याला.

"त्याच्यात झोपतच नाही जी ती," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "झोपेल हो काका. सहा महिन्यांची होऊ द्या."

मी बोल्ट सोडवला, खोबण किंचित तासली, परत आवळला. मग कपडे एका बाजूला सारले, पिशवीतून ठोकळा काढला आणि पहिल्या फटीपासून लावत सुटलो.