पद्मिनीचं इंजिन बोललं, पहिले ४०० किमी

आठ महिने गोणपाटाखाली पडलेलं इंजिन एकदाचं सुरू झालं मंडळी. गाडी तीच, बाबांची ८६ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. सिलिंडरचा बोअर कोल्हापूरच्या उद्यमनगरातून ०.४० ओव्हरसाइज करून आणला, क्रँक ग्राइंड, हेड फेसिंग, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टॅपेट दोन्ही नवीन. पिस्टनच्या रिंगा मात्र मी स्वतः एकेक बोअरमध्ये सरकवून फीलर गेजने गॅप बघूनच घातल्या, दोन रविवार त्यातच गेले आणि घरचे काय बोलले ते इथं लिहीत नाही.

सुरू करायच्या आधी चारही प्लग काढून नुसता स्टार्टर मारला, दहा दहा सेकंद, मध्ये थांबत. तिसऱ्या वेळी ऑइलचा लाल दिवा विझला. दिव्यावर माझा भरवसा नाही म्हणून टी टाकून काट्याचं प्रेशर गेजपण लावलंय, ते हललेलं बघितलं तेव्हा प्लग बसवले. कार्ब्युरेटरची वाटी सिरिंजने पेट्रोल घालून भरली, चोक ओढला, चावी फिरवली आणि फाट्टकन कार्ब्युरेटरमधनं जाळ! शेजारच्या काकू गॅलरीत आल्या त्या दिवे लागेपर्यंत आत गेल्या नाहीत.

मिस्त्रींनी एक नजर टाकली, म्हणाले, "डिस्ट्रिब्युटर उलटा बसवलायस मर्दा." डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा. झालं असं की पिस्टन दोनदा वर येतो, पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते, पण त्यातलं कॉम्प्रेशनचं, म्हणजे हवा दाबायचं, वर येणं एकच. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर बोट धरून हवा ढकलतेय का एवढं बघितलं असतं तर कळलं असतं, पण मी शहाणा. डिस्ट्रिब्युटर उपसला नाही, नुसत्या वायरी फिरवल्या, १ आणि ४ ची अदलाबदल, ३ आणि २ ची अदलाबदल, कारण फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. नवीन कॅम असताना उगाच स्टार्टर मारत बसू नका, लोबवर (कॅमच्या उंचवट्यांवर) चोपडलेलं ग्रीस पुसून जातं, म्हणून मी पाचव्या सेकंदाला हात काढला होता तेवढंच काय ते डोकं चाललं.

दुसऱ्या वेळी अर्ध्या चावीत सुरू. आणि सुरू झाल्या झाल्या आयडलवर सोडायचं नाही, सरळ २००० आरपीएम. डॅशवर आरपीएम मीटर नाही, टायमिंग लाइटमधलंच बघत बसलो. या इंजिनात लोबला तेल मिळतं ते बरंचसं क्रँकच्या शिंतोड्यांनी, आयडलला शिंतोडे कमी आणि लोबच्या टोकावर दाब जास्त, तिथंच कॅम झिजतो. म्हणून वीस मिनिटं १८०० ते २५०० च्या मध्ये खालीवर करत राहिलो. तेल साधं मिनरल २०डब्ल्यू-५०, झिंकवालं. सायलेन्सरमधनं निळा धूर, मॅनिफोल्डवरच्या तेलाचा पांढरा धूर, अंगणात नुसतं धुकं. अठराव्या मिनिटाला टॅपेट कव्हरच्या कॉर्कच्या गॅस्केटमधनं तेल ओघळायला लागलं, मिस्त्री म्हणाले राहू दे, बंद करू नको. नाही केलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट परत टॉर्क केले, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळले. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, दोन्ही गरम झाल्यावर वेगवेगळं फुगतात, त्यामुळे गरम असताना टॉर्क मारून उपयोग नाही. मधल्यापासून सुरुवात, एकेक नट थोडा ढिला करून परत. नंतर टॅपेटचा गॅप परत बघायलाच लागतो, हेड दबलेलं असतं.

आता मुद्द्याचं, नवीन रिंगा बोअरला घासून बसेपर्यंत गाडी चालवायची कशी. बाबांचं म्हणणं, हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नको. मी ऐकलं नाही. रिंग बोअरला दाबून धरतो तो जळलेल्या गॅसचा प्रेशर, गाडी हळूहळू कुरवाळत चालवली तर तो प्रेशरच येत नाही, होनिंगच्या (बोअरमध्ये मुद्दाम पाडलेल्या) रेघा नुसत्या तेलाने चकचकीत होतात आणि मग आयुष्यभर तेल पिणारं इंजिन. म्हणून पहाटे शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याचा रस्ता धरला. तिसऱ्या गिअरमध्ये ३० ला असताना पाऊण ॲक्सिलरेटर, ५५ पर्यंत खेचायचं, मग पाय पूर्ण काढून गाडी आपोआप ३० वर येऊ द्यायची. पाय काढल्यावर जी ओढ बसते त्याने रिंगांपाशी तेल वर येतं, धातूचा किस धुतला जातो. असं बारा वेळा, मागचा ट्रॅक्टरवाला काय म्हणाला असेल देव जाणे. वाघबीळपासून वर चढताना टेंपरेचरचा काटा जरा वर सरकला, मग थांबून चहा. नवीन इंजिन घट्ट असतं, तापतंच थोडं. उतरताना ब्रेकपेक्षा गिअरवरच.

घरी येऊन गरम गरम तेल काढलं. उन्हात बघितलं तर रांगोळीत चमकी टाकावी तसं चमकत होतं, काळीज हललं. प्लास्टिकच्या पिशवीत मॅग्नेट घालून फिरवला, तर राखाडी चिखल चिकटला. म्हणजे लोखंड, रिंगा आणि बोअरचं, हे यायचंच. न चिकटणारी तांबूस चमक दिसली असती तर बेअरिंग, आणि मग परत सगळं खाली. नव्हती.

कॉम्प्रेशन, म्हणजे चार सिलिंडरमधला दाब, पहिल्या दिवशी ११०, ११२, १०४, १०८ पौंड होतं. काल ४०० किमीला १३०, १३२, १२८, १३०. तीन नंबरची मला धास्ती होती, तोच सगळ्यात जास्त वर आला. धूर बंद, प्लग बिस्किटी रंगाचे. बाबांनी आकडे बघितले, काही बोलले नाहीत, काल संध्याकाळी मात्र स्वतःच चावी घेऊन रंकाळ्याला चक्कर मारून आले, ६० ने.

कॉर्क अजून गळतोय. रात्री खाली पुठ्ठा ठेवतो, आज सकाळी रुपयाएवढा डाग. कुणी रबराचा बसवून बघितलाय का?