मुक्या डीव्हीडींचा दिवस

चित्रफितींचे एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करून देणे हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे. या कामात चित्र बिघडले तर ते पहिल्याच मिनिटात डोळ्यांना खुपते. ध्वनीचा बिघाड मात्र पुष्कळदा माल गिऱ्हाइकाच्या हाती पडल्यावरच उघडकीला येतो. ज्या दिवसाविषयी लिहितो आहे, त्या दिवशी निदान तो आमच्याच खोलीत, गिऱ्हाइकासमोर उघडकीला आला, एवढेच काय ते समाधान.

काम एका प्रशिक्षण संस्थेचे होते. संस्थेने स्वतः भरवलेल्या सहा व्याख्यानांच्या फाइली तिच्याच ऑनलाइन साठ्यातून डाउनलोड करून आमच्याकडे दिल्या होत्या. जिथे त्या दाखवायच्या तिथे इंटरनेट नव्हते. होते ते दूरचित्रवाणी संच आणि जुने डीव्हीडी प्लेअर. प्रत्येक व्याख्यान साधारण ४८ मिनिटांचे असल्याने एका डीव्हीडीवर दोन, याप्रमाणे तीन डीव्हीडींचा एक संच आणि असे वीस संच, अशी मागणी होती. माझ्या सहकाऱ्याने आदल्या संध्याकाळी सगळ्या फाइलींचे रूपांतर केले, संगणकावर अधूनमधून वाजवून पाहिले आणि पहिल्या डीव्हीडीच्या वीस प्रती लिहूनही ठेवल्या.

सकाळी संस्थेच्या समन्वयक बाई आल्या. मी मोठ्या आत्मविश्वासाने एक प्रत प्लेअरमध्ये सरकवली. व्याख्याते पडद्यावर आले, हात हलवू लागले, ओठ हलू लागले, आणि खोलीत शांतता.

‘‘चित्र छान आहे हो, पण आवाज?’’ बाईंनी विचारले.

मी आधी केबल पाहिली, मग दूरचित्रवाणीचा आवाज वाढवला, मग आमच्याकडची दुसरी एक जुनी डीव्हीडी लावली. तिचा आवाज एवढ्या जोरात आला की बाई दचकल्या. प्लेअर निर्दोष होता, केबल निर्दोष होती. दोष आमच्या डीव्हीडीत होता. तीच डीव्हीडी संगणकात घातली तर व्याख्याते स्वच्छ आवाजात बोलत होते. सहकारी म्हणाला, ‘‘बघा, आहे की आवाज!’’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण संगणकाची साक्ष अशा प्रकरणात धरायची नसते. संगणकावरचे प्लेअर समोर येईल तो ध्वनी ओळखून उलगडतात. घरगुती डीव्हीडी प्लेअर मात्र ठरलेल्या मोजक्या प्रकारांपलीकडचे काही ओळखत नाही आणि ओळखले नाही तर तक्रारही करीत नाही, नुसता गप्प बसतो.

डाउनलोड केलेल्या बहुतेक फाइलींत ध्वनी एएसी या, दाबून लहान केलेल्या प्रकारचा असतो. डीव्हीडीचे पहिले प्लेअर १९९६ मध्ये बाजारात आले आणि एएसी प्रमाणित झाले ते १९९७ मध्ये, त्यामुळे डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांत त्याला जागाच नाही. तिथे चालणारे ध्वनिप्रकार म्हणजे पीसीएम, म्हणजे अजिबात न दाबलेला ध्वनी, आणि एसी-३ म्हणजेच डॉल्बी डिजिटल, एमपी२, काही ठिकाणी डीटीएस हे दाबलेले. मी डीव्हीडीवरची फाइल उघडून तिच्यातले चित्राचे आणि ध्वनीचे प्रवाह तपासले. चित्र रीतसर एमपेग-२ या डीव्हीडीला चालणाऱ्या प्रकारात आले होते, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे स्थिर चित्रे. ध्वनी मात्र मूळ फाइलीतून जसाच्या तसा उचलून ठेवला होता. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने काम यशस्वी झाल्याचा हिरवा संदेश दिला होता आणि सहकाऱ्याने त्यावर विश्वास ठेवला होता. त्याला दोष देणे मला जड गेले, कारण तो संदेश मीही शेकडो वेळा वाचून पुढे गेलो आहे.

बाईंना मी संध्याकाळची वेळ मागितली. त्यांनी ती दिली, पण जाता जाता म्हणाल्या, ‘‘उद्या सकाळी आमची गाडी निघते. संध्याकाळी मी स्वतः ऐकून घेईन.’’

पहिला प्रश्न कोणत्या ध्वनिप्रकारात रूपांतर करायचे हा होता. सहकारी पीसीएम म्हणत होता, कारण ते कुठल्याही प्लेअरवर हमखास वाजते. पण पीसीएम सेकंदाला १,५३६ किलोबिट खाते आणि भाषणासाठी पुरेसे असलेले एसी-३ फक्त १९२, म्हणजे आठपट कमी. ४.७ जीबीच्या एका डीव्हीडीवर ९६ मिनिटे बसवायची असताना तो फरक चित्राच्या वाट्यातून कापला गेला असता आणि फळ्यावरची अक्षरे पुसट झाली असती. म्हणून एसी-३ घेतले आणि ध्वनीचा नमुनादर, म्हणजे सेकंदाला आवाजाची जितकी मोजमापे नोंदली जातात तो आकडा, ४८,००० केला. सहापैकी दोन फाइलींत तो ४४,१०० होता. तो सीडीचा दर आहे, डीव्हीडीच्या नियमांत तो बसत नाही.

या वेळी मी नव्या डीव्हीडी वाया घालवल्या नाहीत. पुसून पुन्हा लिहिता येणारी एक डीव्हीडी-आरडब्ल्यू काढली, तिच्यावर चाचणी लिहिली आणि ती प्लेअरमध्येच लावली. आवाज आला. सहकाऱ्याने सुस्कारा सोडला. मी मात्र तिसरे व्याख्यान मधूनच चालू केले, आणि तिथे दुसरे प्रकरण हाती लागले.

व्याख्यात्यांनी पाण्याचा पेला उचलला, पाणी प्यायले, पेला टेबलावर ठेवला, पुढचे वाक्य बोलायला तोंड उघडले, आणि मग, जवळजवळ सहा सेकंदांनी, पेला टेकल्याचा ‘टक’ असा आवाज आला. आम्ही तो प्रसंग चार वेळा पाहिला. चौथ्या वेळी दोघेही हसलो, पण ते हसू फार वेळ टिकले नाही.

आवाज मागे पडत असेल तर तो कसा मागे पडतो, हे मी आधी पाहतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंतर सारखेच असेल तर ध्वनी नुसता उशिरा सुरू झालेला असतो आणि सरकवला की काम होते. अंतर मिनिटागणिक एकसारखे वाढत असेल तर चित्राचा किंवा ध्वनीचा वेग कुठेतरी चुकीचा धरलेला असतो. इथे दोन्ही नव्हते. पाचव्या मिनिटाला ओठ आणि शब्द जुळत होते, पंधराव्यालाही जुळत होते. पंचविसाव्या मिनिटाला सहा सेकंदांचे अंतर होते आणि अगदी शेवटीही सहाच. म्हणजे मधल्या कुठल्यातरी एका जागी चित्राने उडी मारली होती. थोडे थोडे मागे घेत ती जागा शोधली. एकविसाव्या मिनिटाला स्लाइड नीट दिसावी म्हणून कोणीतरी सभागृहातले दिवे मालवले होते आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावले होते.

तेव्हा उलगडा झाला. हे व्याख्यान मोबाइलवर चित्रित केलेले होते. प्रकाश कमी झाला की अनेक मोबाइल प्रत्येक फ्रेमला जास्त उजेड मिळावा म्हणून फ्रेमची संख्या आपोआप कमी करतात. इथे ती सेकंदाला ३० वरून २४ वर आली होती. मूळ फाइलीत प्रत्येक फ्रेमला स्वतःची वेळ जोडलेली असते, म्हणून मूळ फाइल कुठेही बिनचूक चालते. आमच्या पद्धतीत मात्र चित्र आणि ध्वनी आधी वेगळे केले जात होते, त्यात त्या वेळा गळून पडत होत्या आणि पुढचे सॉफ्टवेअर सरसकट सेकंदाला ३० फ्रेम धरून मोजत होते. अंधारातल्या तीस सेकंदांत ७२० फ्रेम होत्या. तीसच्या हिशेबाने त्या २४ सेकंदांतच संपल्या. लांबी तपासली तर तेच दिसले: ध्वनी ४८ मिनिटे पुरी, चित्र ४७ मिनिटे ५४ सेकंद. सहा सेकंदांचा हिशेब इतका चोख लागल्याचा आनंद मला त्या घाईतही झाला, हे कबूल करायला हवे.

उपाय सोपा होता. चित्र आणि ध्वनी वेगळे न करता, फ्रेमच्या मूळ वेळा वाचून, एकाच टप्प्यात थेट स्थिर २५ फ्रेममध्ये रूपांतर करायचे. म्हणजे जिथे फ्रेम कमी पडतात तिथे आधीचीच पुन्हा वापरली जाते आणि वेळ अबाधित राहते. सहाही फाइली नव्याने रूपांतराला लावल्या.

त्या ऐकून पाहताना पाचव्या व्याख्यानात टाळ्या आणि संगीत दणदणीत, पण व्याख्यात्याचे बोलणे विहिरीच्या तळातून आल्यासारखे होते. त्या फाइलीत सहा वाहिन्यांचा, म्हणजे सहा स्पीकरसाठी वेगवेगळा, ध्वनी होता. बोलणे अशा ध्वनीत बहुधा मधल्या वाहिनीत असते आणि सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ठरवून ठेवलेल्या मांडणीने पुढच्या डाव्या-उजव्या वाहिन्या तेवढ्या उचलल्या होत्या. मधली वाहिनी दोन्हींत मिसळताच बोलणे पुढे आले.

संध्याकाळी बाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि सहाही व्याख्याने तीन-तीन ठिकाणी ऐकली. मी त्यांना तिसऱ्या व्याख्यानातला पेला मुद्दाम दाखवला. पेला टेबलावर टेकला आणि ‘टक’ झाले. पेल्याची आधीची हकिकत ठाऊक नसल्याने त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. ‘‘यात काय पाहायचे?’’ त्या म्हणाल्या.

प्रती लिहून होईपर्यंत रात्र झाली. निघण्याआधी, ध्वनी जसाच्या तसा उचलण्याचा पर्याय मुळात चालू कसा राहिला हे पाहायला मी सहकाऱ्याच्या संगणकावरची जतन केलेली मांडणी उघडली. तिचे नाव ‘जलद’ होते. मोबाइलसाठीच्या एका कामात वेळ वाचावा म्हणून काही महिन्यांपूर्वी ती मीच तयार केली होती आणि मीच तिला नेहमीची मांडणी म्हणून ठेवले होते. मी तिचे नाव बदलून ‘जलद, डीव्हीडीसाठी नाही’ असे केले आणि सकाळच्या वीस मुक्या प्रती सहकाऱ्याच्या टेबलावरून उचलून माझ्या टेबलावर ठेवल्या.