लिस्बनमधला २५ एप्रिल

आमच्या घरी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे नाव शिवीसारखेच घेतले जाई. आजोबा १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या बाजूने गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या सत्याग्रहींपैकी एक. त्यामुळे पोर्तुगीज आणि सालाझार यांत काही फरक असतो, हे मला उशिरा समजले, आणि ते खऱ्या अर्थाने पटले लिस्बनमध्ये. आम्ही त्या राजवटीच्या तावडीतून १९६१ मध्ये सुटलो. तिच्या स्वतःच्या राजधानीला मात्र १९७४ उजाडावे लागले.

कार्मो चौक आकाराने आपल्याकडच्या देवळासमोरच्या पटांगणाएवढाच आहे. एका अंगाला १७५५ च्या भूकंपात छप्पर गमावलेला मठ आणि त्याला लागून पोलीसदलाची बराक. २५ एप्रिल १९७४ रोजी सालाझारचा वारसदार मार्सेलो कायतानू याच बराकीत दडून बसला होता, आणि बंड केलेल्या सैन्यातला कॅप्टन साल्गैरू माइया सांतारें गावाहून आणलेल्या चिलखती गाड्यांनिशी बाहेर उभा होता. बंडखोर अधिकारी रेडिओवरून लोकांना घरातच थांबायला सांगत होते आणि लोक नेमके उलट करून झाडांवर चढून बसले होते. संध्याकाळी कायतानूने सत्ता सोडली. सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशन खोवलेली छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिलेली असतात. मात्र जवळच्याच गल्लीत गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीतून जमावावर गोळ्या झाडून चौघांचा जीव घेतला, हे मला तिथली पाटी पाहीपर्यंत ठाऊक नव्हते. या पोलिसांना लोक ‘पीडे’ म्हणत. मराठी माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

दुपारी, त्या दिवसाच्या स्मरणार्थ आव्हेनिदा दा लिबेरदाद या रुंद रस्त्यावरून दरवर्षी निघणाऱ्या मोर्चात मीही चाललो. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते, त्या काळी एका छापखान्यात खिळे जुळवायला शिकत असलेले. मोडक्या इंग्रजीत ते सांगत होते, की प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरकडे जाई आणि निळ्या पेन्सिलीने काट मारून परत येई. क्रांतीच्या दिवशी ‘रेपुब्लिका’ या दैनिकाने पहिल्याच पानावर छापले, की हा अंक कोणत्याही सेन्सॉर समितीने पाहिलेला नाही. त्यांना क्रांती कळली ती या एका ओळीतून. वर्षभरानंतर त्याच दैनिकाच्या छपाई कामगारांनी संपादकांना बाजूला सारून कचेरी ताब्यात घेतली, हे सांगताना मात्र त्यांनी खांदे उडवले.

पुढची दीड-दोन वर्षे शहराला उसंत नव्हती. भिंती घोषणांनी भरल्या, रिकाम्या घरांत लोक घुसले, एकामागून एक सहा हंगामी सरकारे आली. आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र होताच तिथले सुमारे पाच लाख पोर्तुगीज परतले. त्यांचे सामान भरलेल्या लाकडी खोक्यांचे ढीग बेलेंच्या नदीकाठी, थेट दर्यावर्दींच्या स्मारकाच्या पायथ्याशी लागले होते. साम्राज्य बांधून परत आणल्यासारखे! तरीही २५ एप्रिल १९७५ च्या मतदानाला नव्वद टक्क्यांहून अधिक मतदार आले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये नवी राज्यघटना लागू झाली. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर याच धामधुमीत, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, दिल्लीत सह्या झाल्या.

रोसिउ चौकात पोहोचल्यावर मी त्या गृहस्थांना मोहन रानडे यांच्याविषयी सांगितले: मूळचे सांगलीचे, १९५५ मध्ये पकडले गेलेले, गोवा मुक्त झाल्यावरही लिस्बनजवळच्या काशियाश किल्ल्यात कैदेत राहिलेले आणि जानेवारी १९६९ मध्ये सुटलेले. काशियाशमधले उरलेले राजकीय कैदी क्रांतीनंतर दोनच दिवसांत बाहेर आले, हे त्यांना पाठ होते. पण १९६९ ऐकताच ते हसले. १९६८ मध्ये आजारपणामुळे सालाझारचे पद गेले होते, आणि तरीही आपणच पंतप्रधान आहोत या समजात भोवतालच्यांनी त्याला मरेपर्यंत ठेवले, असे तिथे सांगतात.

‘‘म्हणजे तुमच्या माणसाला सोडल्याचे त्याला कुणी कळवलेच नसणार,’’ ते म्हणाले.