आतेचा नारळ

आमची आते कंजूष होती. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण हे लपवलं तर तिच्या हातच्या चवीबद्दल काही खरं सांगताच येणार नाही.

सिंधुदुर्गातल्या शिरोड्याजवळ आमचं घर. भोवती माडांची वाडी, आणि घरात नारळ मात्र मोजून फुटायचा. हलवला की आत पाणी वाजतं असा भरलेला नारळ व्यापाऱ्याचा. आपसूक पडलेले, पाडताना तडकलेले, वाढ खुंटलेले, कोंब फुटलेले ते घरचे. (कोंब फुटलेल्याच्या आतला गोड गोळा आम्हा पोरांचा, त्यावरून मारामाऱ्या.) विकलेल्या नारळांच्या पैशांत माझ्या वडिलांचं आणि काकांचं शिक्षण झालं. आते स्वतः चौथीपर्यंत शिकली होती, पण तो हिशेब तिच्याइतका पक्का घरात कुणालाच येत नव्हता.

तर एक नारळ. विळीवर खवायचा, पाट्यावर वाटायचा आणि कापडातून पिळायचा. पहिला दाट रस सणावाराच्या खिरीला किंवा शिरवाळ्यांबरोबर, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबर. चोथ्यात कोमट पाणी घालून पुन्हा वाटायचा, तो दुसरा रस माशाच्या कालवणाला. तिसऱ्यांदा जे निघायचं त्याला रस म्हणणं धाडसाचं, त्याची सोलकढी व्हायची. उरलेला चोथा तव्यावर कोरडा परतून लसूण-मिरचीबरोबर चटणी. करवंटीला दांडा बसला तर डवली, नाहीतर चूल. वरची काथ्याची सोडणं आंघोळीच्या पाण्याखाली जळायची. एका नारळात सहा माणसं दोन वेळा जेवायची आणि वर आंघोळही करायची.

वडील कधी म्हणायचे, कालवण पातळ झालंय गं. ती वळूनसुद्धा न बघता म्हणायची, "दाट व्हया तर नारळाचे पैसे दी."

मिरची विकतची, म्हणून तीही बेतानं. तिचं बांगड्याचं तिखलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण, नावालाच तिखलं. रंग विटकरी, तिखटपणा सोसवेल इतकाच. पण तिरफळाचं झाड कुंपणाला होतं. काटेरी, कुणी न लावलेलं, फुकटचं. त्यामुळे तिरफळात तिचा हात सैल सुटायचा. आतली काळी बी कडू लागते, ती काढून टाकायची. सालं जरा ठेचून कालवणात सोडायची. ताटात आलेलं तिरफळ चुकून चावलं गेलं की जीभ बधिर, आणि त्यावर आते खूश. बांगडा आणि तारली या तेलकट माशांना तिरफळ हवंच. पापलेटाला तिनं ते कधी लावलं नाही, कारण पापलेट तिनं विकत घेतलंच नाही.

कोकमाचंही तेच. मे महिन्यात पावसाच्या आधी रातांबे पिकायचे, आणि घराला जांभळा रंग चढायचा. फोडून बिया वेगळ्या, सालं वेगळी. सालं उन्हात वाळवायची, मीठ घातलेल्या त्याच रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, पुन्हा बुडवायची, काळीभोर होईपर्यंत. बियांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, निघायचं, ते पावसाळ्यात भेगाळलेल्या टाचांना. मीठ शिरोड्याच्या मिठागरातलं, जाडं. १९३० साली शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला होता. मिठाचा भाव चार आण्यांनी वाढला की आतेला तो हटकून आठवायचा, एरवी नाही.

म्हणजे आम्ही ज्याला 'आतेची चव' म्हणून डोळे मिटतो ती अशी: आंबट जास्त, तिरफळ जास्त, नारळ कमी, मिरची कमी. जे कुंपणाच्या आत उगवायचं ते सढळ आणि ज्याला पैसा पडायचा किंवा ज्याचा पैसा व्हायचा ते जपून. पावसाच्या तोंडावर बोटी बंद झाल्या की ताजा मासा संपला. मग सुकट आणि फणसाच्या आठळ्या. त्यांत तर ती सुगरणच ठरायची, कारण दोन्ही आधीच भरून ठेवलेलं असायचं.

ती गेली, आणि भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिखल्याचा वाद पेटला. मुंबईचा मोठा चुलतभाऊ ठाम: तिखल्यात नारळ असायचा, मी खाल्लाय. धाकटी बहीण म्हणते, छे, नारळ नव्हताच, नुसती मिरची, तिरफळ नि आमसुलं. तीन दिवस हे चाललं. शेवटी वहिनीनं उलगडा केला. मोठा यायचा मे महिन्याच्या सुट्टीत. पावसाआधी माडांचं पाडप व्हायचं, फुटक्या नारळांचा ढीग पडलेला असायचा, टिकणारे नसल्यामुळे ते कालवणात जायचे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तशी धाकटी दिवाळीत यायला लागली. दिवाळीपर्यंत फुटका नारळ घरात शिल्लक नसायचा. खरं काय, दोघांनीही आतेच्याच हातचं खाल्लं होतं. मला तर वाटतं, पाककृती लिहून ठेवायची झाली असती तर तिनं साहित्याच्या जागी बाजारभाव लिहिला असता.

मी आता कुडाळला राहतो. नारळ विकत घेतो, मिरचीही. हव्या तेवढ्या दाट वाटपाचं कालवण करायला कुणाची ना नाही. पण पहिल्या रसातलं तिखलं हॉटेलातल्यासारखं लागतं, गुळगुळीत, पोटाला जड, आणि तिरफळ त्यात बुडून जातं. म्हणून मी पहिला रस वाटीत काढून फ्रिजमध्ये ठेवतो आणि बांगड्याला दुसरा घालतो. बायको विचारते, "तो चांगला रस कोणासाठी ठेवलास?" कोणासाठीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यात गूळ नि वेलची घालून टाकतो, मुलं घावण्यांबरोबर खातात. आते असती तर तिनं त्यांना तांदळाच्या पेजेबरोबर तिखल्याचा शिळा गाळ दिला असता आणि रस सणाला राखला असता. पण फ्रिज असताना सण कधीही येतो.

परवा पुण्याहून भाचीचा फोन. तिला तिखलं करायचं होतं. वाटायला वेळ नाही, दुकानातून नारळाच्या दुधाचा खोका आणलाय. कृती सांगत सांगत मी दुसऱ्या रसापाशी आलो तर ती म्हणाली, "मामा, खोक्यातला रस पहिला की दुसरा?"

मी म्हटलं, "अर्धा ओत आणि वर दोन वाट्या पाणी घाल."

"दोन? अरे, अगदीच पातळ होईल."

"दाट व्हया तर..." मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.