दर उतरला, भाव नाही

महागाईचा दर सातवरून तीन टक्क्यांवर आला, अशी बातमी येते. त्याच दिवशी इंदूरच्या मालवा मिलच्या मंडीत भाजी घेणाऱ्या बाईला स्वस्ताई कुठेच सापडत नाही. मग म्हटले जाते, सरकारने केलेल्या कामाची लोकांना जाणीवच नाही. हा ठपका मला मुळीच पटत नाही. ती बाईही मोजतच असते, तिचे माप वेगळे आहे.

हिशेब मांडून पाहा. समजा, महिन्याची एक ठरलेली किराणा थैली 1,000 रुपयांना येत होती. पुढची चार वर्षे महागाई अनुक्रमे 7, 6, 5 आणि 3 टक्के राहिली. थैली 1,070 ची झाली, मग 1,134 ची, 1,191 ची आणि शेवटी 1,227 ची. सरकार सांगते तो 3 टक्क्यांचा आकडा खराच आहे. रिझर्व्ह बँकेला दिलेले लक्ष्य 4 टक्क्यांचे, दोन खाली किंवा दोन वर चालते, म्हणजे काम फत्ते. घरात मात्र 1,227 ची तुलना 1,191 शी होत नाही, जुन्या 1,000 शी होते. दर उतरला म्हणजे भाव चढण्याचा वेग मंदावला, एवढेच. भाव मागे यायचे तर दर शून्याखाली जावा लागेल, आणि तसे झाले की माळव्यातला सोयाबीनवाला मेलाच. अमेरिकेतही हेच दिसले. जून 2022 मध्ये 9.1 टक्क्यांवर गेलेली महागाई 2024 च्या निवडणुकीपर्यंत 3 टक्क्यांच्या खाली आली होती, तरी सत्ताधारी पक्ष हरला.

यावर कोणी म्हणेल, पगारही वाढलेच की. वाढतात, पण पगारवाढ माणूस आपल्या कष्टाच्या खात्यात लिहितो आणि तेलाचा महागलेला डबा सरकारच्या खात्यात. दोन्ही एकाच अर्थव्यवस्थेतून आलेले असतात, हे समजावून सांगितले तरी मनाला पटत नाही. मला वाटते, सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

शिवाय प्रत्येक भाव सारखा डोळ्यात भरत नाही. 2012 हे आधारवर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचे वजन देशभरासाठी 45.86 टक्के होते. ग्रामीण भागात 54.18, शहरी भागात 36.29. हातावर पोट असलेल्या घरात हा वाटा शहरी सरासरीहून जास्तच असतो. दूध रोज घ्यावे लागते, कांदे-बटाटे आठवड्याला, टीव्ही दहा वर्षांतून एकदा. टीव्ही स्वस्त झाल्याचे एकदाच कळते, दूध महागल्याचे रोज सकाळी.

यशाला तारीख नसते, ही आणखी एक अडचण. 1991 मध्ये परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते, सोने गहाण टाकावे लागले. 1995-96 पर्यंत वाढीचा दर 7 टक्क्यांच्या पुढे गेला. 1996 मध्ये काँग्रेस 140 जागांवर आली. पराभवाची कारणे बरीच होती, पण देश दिवाळखोरीतून वाचला ही गोष्ट कोणाच्या स्वयंपाकघरात दिसण्यासारखी नव्हतीच. कधी आकडाच उशिरा येतो. अमेरिकेतली मंदी मार्च 1991 मध्ये संपली होती. तिचा शेवट ठरवणाऱ्या संस्थेने ते जाहीर केले डिसेंबर 1992 मध्ये, आणि राष्ट्राध्यक्ष बुश त्याआधीच नोव्हेंबरमध्ये हरले होते.

याच्या उलट लाडली बहना, मध्य प्रदेश सरकारची महिलांना दरमहा पैसे देणारी योजना. जून 2023 पासून 10 तारखेच्या सुमारास खात्यात 1,000 रुपये, ऑक्टोबरपासून 1,250, आणि नोव्हेंबरमध्ये मतदान. रक्कम, तारीख, देणाऱ्याचे नाव, सगळे मोबाइलवर. भाजपला 230 पैकी 163 जागा मिळाल्या. निकाल एकट्या या योजनेने लागला असे मी म्हणत नाही, पण लक्षात राहण्याची तिची ताकद नाकारता येत नाही.

खर्च करूनही श्रेय कसे हुकते, ते मध्य प्रदेशातल्याच 2017 च्या भावांतर योजनेत पाहा. माल हमीभावाच्या खाली विकला गेला तर फरक सरकार देणार होते. सोयाबीनचा हमीभाव होता 3,050 रुपये क्विंटल. पण सरासरी काढून ठरवलेल्या ‘मॉडेल’ दराच्याही खाली माल गेला, तर फरक मिळायचा तो शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष विक्रीभावावर नाही, त्या मॉडेल दरावर. समजा हा दर 2,600 निघाला, तर खात्यात 450 येणार. ज्याचा माल 2,300 ला गेला त्याच्या हाती एकूण 2,750 पडले, हमीभावापेक्षा 300 कमी. विक्रीची मुदत ठरलेली, म्हणून सगळ्यांनी एकदम ट्रॉल्या आणल्या आणि आवक वाढून भाव पडले. सरकारच्या वहीत पूर्ण खर्च, शेतकऱ्याच्या डोक्यात लिलावातला तो 2,300 चा पुकारा. फरकाची रक्कम नंतर आली, तोवर राग घट्ट बसला होता.

आपल्या घरचा आकडा काढायचा असेल तर बारा वस्तू निवडा आणि प्रमाण ठरवून टाका: तूरडाळ 2 किलो, तेल 3 लिटर, पोहे 2 किलो, दूध 30 लिटर, एक सिलिंडर, कांदे-बटाटे पाच-पाच किलो, औषधे वगैरे. शाळेची वर्षाची फी 12 ने भागून धरा. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाव लिहा. महाग झाले म्हणून डाळ कमी आणली, तरी वहीत 2 किलोच ठेवा. शेवेच्या पाकिटाची किंमत तीच राहून वजन घटलेले असते, म्हणून ग्रॅममागचा दर पाहा. कांद्याची तुलना मार्चची मार्चशीच करा, जानेवारीशी केली तर मोसमालाच महागाई समजून बसाल. वीजबिलात दोन्ही वेळा युनिटे सारखीच धरा. मध्य प्रदेशात महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत असेल तर पहिली 100 युनिटे 100 रुपयांत मिळतात. मर्यादा ओलांडली की सवलत जाते आणि बिल एकदम फुगते, ती दरवाढ नव्हे.

वर्षाअखेर दोन बेरजा मारा, एक गेल्या वर्षाशी आणि एक पाच वर्षांपूर्वीच्या भावांशी. जुनी बिले नसतील तर दुसरीसाठी आजपासून लिहायला घ्यावे लागेल. सरकारचा आकडा पहिल्या बेरजेशी ताडून पाहा. दुसरीच्या शेजारी त्याच पाच वर्षांत घरात येणारा पैसा किती टक्के वाढला ते लिहा.