मेलोट्रॉनची नोंद: टेपा बसल्या, आता स्क्रूंची पाळी

मेलोट्रॉन म्हणजे टेपांवर आधी नोंदलेले सूर वाजवणारं कीबोर्ड वाद्य. माझ्याकडच्या एम ४०० या मॉडेलच्या फ्रेममध्ये टेपांचा नवा संच बसला. ३५ च्या ३५ पट्ट्या वाजतात. सुरात, एकसारख्या आणि वेळेवर वाजतात असं मात्र अजून म्हणवत नाही. या कामात आपल्याला धास्ती असते ती टेपा ओवण्याची, पण तो भाग त्या मानाने सोपा निघाला. खरा वेळ खातात ते प्रत्येक पट्टीचे दोन स्क्रू, म्हणून ही नोंद मुख्यतः त्यांच्याबद्दलच आहे.

ज्यांनी हे वाद्य उघडं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक पट्टीला स्वतःची एक टेप आणि टेपवरचा आवाज वाचणारं स्वतःचं एक हेड. पट्टी दाबली की दोन गोष्टी घडतात: नमद्याचा पॅड टेपला हेडवर टेकवतो आणि रबरी रोलर तिला सतत फिरणाऱ्या लांब दांड्यावर, म्हणजे कॅप्स्टनवर, दाबतो. टेप पुढे सरकते आणि मागच्या खोक्यात घडीघडीने उतरते. बोट उचललं की स्प्रिंग तिला परत ओढते. टेप गोल जोडलेली नसते, तिला सुरुवात आणि शेवट असतो, त्यामुळे सूर साधारण ८ सेकंदांत संपतो. पेटीची सवय असलेल्या बोटांना हे पचायला वेळ लागतो. तिथे भाता चालू आहे तोवर सूर आपला.

या बंधनाचा फायदा असा की प्रत्येक सुराची खरी सुरुवात ऐकू येते: बासरीतली पहिली फुंकर, गजाचा पहिला ओरखडा. चेंबरलिन या आधीच्या अमेरिकन टेप-वाद्यावरून पुढे आलेली ही कल्पना बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंनी १९६३ पासून मेलोट्रॉन म्हणून विकली. १९७० च्या एम ४०० मध्ये त्यांनी टेपांची अख्खी फ्रेम उचलून बदलता येईल अशी सोय केली. ती सोय नसती तर मी या कामाला हातच घातला नसता.

जुन्या टेपांची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. हेडवर तपकिरी भुकटी, वरच्या सुरांची धार गेलेली, काही टेपांच्या कडा मुडपलेल्या. तरी त्या टाकल्या नाहीत. काढण्याआधी प्रत्येक पट्टी तिच्या टेपवरच्या तिन्ही ट्रॅकवर (प्रत्येकावर वेगळ्या वाद्याचा आवाज) वाजवून रेकॉर्ड करून ठेवली. नव्या टेपांचा आवाज ऐकून 'आधी असंच होतं का' हा प्रश्न पडतोच. तेव्हा उत्तर आठवणीवर सोडू नये, हातात पुरावा असावा.

फ्रेम बाहेर असताना हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. रबरी रोलरना ते लावलं नाही, कारण त्याने रबर कोरडं पडतं. त्यांना सौम्य साबणाचं पाणी पुरतं. मग हेडची चुंबकीयता काढली, आणि ती नव्या टेपा जवळपासही नसताना. डीमॅग्नेटायझर लांब धरून चालू करायचा, हळूहळू जवळ न्यायचा, तितक्याच सावकाश मागे घ्यायचा आणि लांब गेल्यावरच बंद करायचा. स्क्रूड्रायव्हरही चुंबकीय टोकाचा नको.

संच निवडताना ट्रॅकच्या क्रमाचा विचार केला. टेप ३/८ इंच रुंद, तिच्यावर शेजारीशेजारी तीन ट्रॅक. ए, बी, सी असं बटण फिरवलं की हेड आडवे सरकतात, आणि अधल्यामधल्या जागी थांबवलं तर दोन ट्रॅक एकत्र ऐकू येतात. म्हणजे ए आणि बी मिसळतील, बी आणि सी मिसळतील, पण ए आणि सी कधीच नाही. त्यामुळे मधल्या ट्रॅकवर दोघांशी पटणारा आवाज हवा. मी ए वर व्हायोलिन, बी वर बासरी आणि सी वर कॉयर (समूहगायन) ठेवलं. कॉयर मध्ये ठेवणारेही आहेत. माझ्या कानाला ते फार लवकर सगळं व्यापून टाकतं.

आता स्क्रू. दोनांपैकी एक पॅडचा, दुसरा रोलरचा. जुन्या टेपांवर जुळवलेली ठेवण नव्या टेपांना चालत नाही; टेपची जाडी आणि पाठीचा गुळगुळीतपणा जरा बदलला तरी दाबाचं गणित बदलतं. पॅड हलका पडला की आवाज मंद आणि बोथट होतो, सुरातली चमक आधी जाते. पॅड जास्त घट्ट झाला तर तो ब्रेकचं काम करतो आणि सूर खाली ओढला जातो. रोलर हलका असेल तर टेप घसरते आणि सूर थरथरतो. आणि दोघांची वेळ जुळली पाहिजे. रोलरने टेप पळवायला घेतली आणि पॅड मागून पोचला, तर ज्या सुरुवातीसाठी हा सगळा खटाटोप, नेमकी तीच हुकते.

बिघाड कुठला हे ओळखायला ट्रॅकचं बटण फार कामाला येतं. एखादी पट्टी खटकली की तिन्ही ट्रॅकवर वाजवून बघायची. तिन्हीवर थरथर असेल तर दोष यंत्रणेचा, म्हणजे रोलर किंवा पॅड. एकाच ट्रॅकवर आवाज बसका असेल तर त्या टेपवरचं ध्वनिमुद्रण, किंवा टेप आडवी सरकून चालते आहे. व्हायोलिनच्या मागे अंधूक बासरी ऐकू आली तर प्रश्नच नको: हेड शेजारच्या ट्रॅकवर चढलंय. माझ्याकडे वरच्या भागातल्या दोन शेजारच्या पट्ट्यांना हा त्रास होता. टेपा त्यांना दिशा देणाऱ्या वाटाड्यामधून नीट सरळ गेल्यावर तो थांबला. स्क्रूला हात लावण्याआधी ही परीक्षा करावी, नाहीतर आपण भलत्याच जागी पिळत बसतो.

खालच्या जी सुरापासून पहिला सप्तक आता समाधानकारक आहे. मधला भाग त्याहून चांगला, तिथे बासरी ऐकताना मी काम विसरून वाजवतच बसतो. वरचे सूर, शेवटच्या एफ सुरापर्यंत, अजून चंचल आहेत. तिथे थोडीशी थरथरही लगेच कानाला टोचते, खाली तेवढीच थरथर खपून जाते.

एक परीक्षा एकेका पट्टीवर होत नाही. सगळ्या टेपा एकच मोटर ओढते, त्यामुळे एकेकटी सुरात असलेली पट्टी मोठ्या कॉर्डमध्ये, म्हणजे अनेक सूर एकत्र दाबल्यावर, खाली घसरू शकते. म्हणून मी एक सूर ट्यूनरवर धरतो, वर पाच-सहा पट्ट्या आणखी दाबतो आणि काटा किती पडतो ते बघतो. सुरुवातीच्या एम ४०० मधला सीएमसी-१० हा मोटर नियंत्रक या बाबतीत बदनामच आहे. पुढे आलेला एसएमएस-२ पुष्कळ बरा. पण नियंत्रकाला दोष देण्याआधी पॅड सैल करून पाहावेत. माझ्याकडे खालच्या पट्ट्यांचे पॅड पाव फेरा सोडल्यावर कॉर्ड बराच सावरला. नव्या टेपांच्या उत्साहात सगळेच स्क्रू घट्ट करण्याचा मोह होतो आणि त्याची शिक्षा मोटर भोगते.

सगळ्या पट्ट्या तंतोतंत सारख्या करायच्या का, यावर मतं दोन आहेत. माझं मत: सुरुवात प्रत्येकीची ऐकू आली पाहिजे, सूर कॉर्डमध्ये टिकला पाहिजे; आवाजातला उरलेला उन्नीस-बीस फरक राहू द्यावा. प्रत्येक सूर वादकाने स्वतंत्र वाजवलेला आहे, तो मुळातच दुसऱ्यासारखा नाही. पट्टी अर्धवट दाबली की सूर किंचित डळमळतो, तेही मला हवंच आहे. रोलर इतका घट्ट केला की तो डळमळणंच बंद झालं, तर मग नोंदलेले आवाज वाजवणारा डिजिटल सॅम्पलर काय वाईट?

पुढचं काम वरच्या पट्ट्यांचं. तिथले पॅड जुनेच आहेत आणि नमदा मधोमध दबून चकचकीत झालाय, तेव्हा आधी नवा नमदा, मग स्क्रू. शिवाय दोन-तीन टेपा खोक्यात उतरताना भिंतीला चिकटतात आणि परत यायला रेंगाळतात. तेवढ्यात पट्टी पुन्हा दाबली तर सूर मध्येच कुठूनतरी सुरू होतो. त्या बाहेर काढून खोक्याचे कप्पे पुसून घ्यायचे आहेत. जुन्या टेपांशी तुलना वरचा सप्तक लागल्यावरच करेन.